आप्तांच्या घरची अमेरिका

मराठी प्रवासवर्णनाची एक नवी शाखा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत चांगलीच फोफावली आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत स्थायिक होते. मुलीचें बाळंतपण, नातवाची मुंज, नव्या घराची वास्तुशांत असें कांहीं निमित्त निघतें. आईवडील सहा महिन्यांच्या मुदतीवर तिकडे जातात. आणि परत आल्यावर त्या मुक्कामांतील फजित्यांचा लेख दिवाळी अंकांत येतो, किंवा त्यांचें लहानसें पुस्तक होतें. अमेरिकेनें १९६५ सालीं परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलला आणि आशियांतील शिकलेल्या लोकांना दार मोकळें केलें. पुढें तिकडे मराठी बिऱ्हाडें वाढत गेलीं आणि १९८१ सालीं बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालें. आमच्या यावलसारख्या तालुक्याच्या गांवींहि आतां एक खिडकी सातपुड्याकडे व दुसरी न्यू जर्सीकडे उघडणारीं घरें आढळतात. तेव्हां हीं वर्णनें केवळ करमणुकीचीं म्हणून बाजूस सारतां येत नाहींत. तीं आमच्या वाचकांच्या घरचींच आहेत, आणि त्यांची परीक्षा तितक्याच आस्थेनें झाली पाहिजे.

या लेखनांतील विनोदाचीं स्थळें आतां बहुतेक ठरून गेलीं आहेत. पाहुणा खानदेशांतला असला म्हणजे तो भरिताचें वांगें भाजावयास घेतो. कपाशीच्या काड्यांच्या जागीं विजेची शेगडी असते. धूर होतो, छताला लावलेली घंटा किंचाळूं लागते, आणि सारें घर टॉवेल घेऊन तिला वारा घालूं लागतें. यावल-रावेरच्या केळीच्या मुलखांतून गेलेले आजोबा दुकानांत ग्वाटेमालाचीं केळीं पाहतात, तीं डझनाऐवजीं वजनावर विकलीं जातात हें कळल्यावर चकित होतात, आणि त्यांवर चिकटविलेली कागदाची टिकली घरीं दाखविण्यासाठीं जपून काढून घेतात. ज्या गांवीं एके काळीं हातकागदाचा धंदा नांवाजलेला होता, तेथल्या माणसाला हात पुसण्यापायीं कागदाच्या गुंडाळ्या फेकलेल्या पाहून हळहळ वाटावी, हेंहि साहजिकच आहे. हें सारें मौजेचें आहे, आणि आम्ही त्यावर मनमोकळेपणानें हसलों आहों.

परंतु असे दहा लेख वाचून झाले म्हणजे अकराव्यांतली फजिती कोठें होणार हें आधींच कळतें. त्याहून मोठा दोष असा कीं, या हास्यामागें यजमान दिसेनासा होतो. मुलगा पहाटे किती वाजतां कामावर जातो, तेथें त्याच्याकडे कोणत्या नजरेनें पाहिलें जातें, सुनेनें आपली नोकरी करून पाहुण्यांचीं पथ्यें कशीं सांभाळलीं, यांपैकीं लेखांत क्वचितच कांहीं उतरतें. ज्या घरचें अन्न सहा महिने खाल्लें, त्या घराविषयीं वाचकास घंटा आणि शेगडी एवढेंच कळावें, ही वाङ्मयाच्या दृष्टीनें उणीव आहेच; माणुसकीच्या दृष्टीनेंहि ती लहान नाहीं.

अमेरिकेला हसणें हा मूळचा इंग्रज प्रवाशांचा उद्योग. फ्रान्सेस ट्रोलप ही बाई १८२७ सालीं तिकडे गेली. सिनसिनाटी येथें तिनें थाटलेली बाजारपेठ बुडाली, आणि अमेरिकनांच्या घरगुती रीतिभातींवरचें तिचें १८३२ सालचें पुस्तक मात्र गाजलें. डिकन्स १८४२ सालीं गेला. त्यानेंहि तंबाखूच्या पिचकाऱ्यांवर यथेच्छ तोंडसुख घेतलें. हे प्रवासी वरून खालीं पाहून हसले. आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनीं १९६० सालच्या ‘अपूर्वाई’त हास्याची ही दिशाच फिरविली; विलायतेला गेलेला मराठी माणूस तेथें स्वतःलाच हसला. आजच्या लेखकांनीं ती लकब उचलली. परंतु स्वतःला हसणारा माणूस भोंवतालचें बारकाईनें पाहतहि असतो, ही दुसरी बाजू त्यांच्या हातून निसटली.

ती बाजू पाहावयाची तर बरेंच मागें जावें लागेल. इंग्लंडमध्यें राहत असलेल्या पंडिता रमाबाई १८८६ सालीं अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियास गेल्या, त्या आपल्या दूरच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ११ मार्च १८८६ रोजीं तो समारंभ झाला. एका समारंभासाठीं विलायतेहून आलेली ही पाहुणी पुढें दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशांत राहिली, आणि १८८९ सालीं तिचें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झालें. समुद्रप्रवासाची हकीकत आरंभींच आटोपून तें पुस्तक राज्यव्यवस्था, घरें, शाळा, स्त्रियांच्या संस्था व व्यापार यांकडे वळतें. त्यांतील स्तुति मोकळ्या मनाची आहे. परंतु काळ्या लोकांना आणि मूळच्या रहिवाशांना तेथें मिळणारी वागणूक रमाबाईंनीं झांकून ठेविली नाहीं. पाहुणचार घेऊनहि खरें बोलतां येतें, याचा हा पुरावाच होय.

आनंदीबाईंच्या यजमानीण रोझेल गांवच्या कार्पेंटरबाई. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहतांना एका मिशनरी मासिकांत त्यांच्या दृष्टीस आनंदीबाईंचे पति गोपाळराव यांचा पत्रव्यवहार पडला, आणि त्यांतून त्यांचें आनंदीबाईंशीं पत्रानें नातें जुळलें. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणूं लागल्या, आणि १८८३ सालीं, अठराव्या वर्षीं, त्यांच्या घरीं जाऊन उतरल्या. दंतवैद्याच्या बैठकींत मावशी-भाची जुळावी, यापरता विनोद कोणत्या प्रवासवर्णनांत सांपडेल? परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं आनंदीबाई पुण्यास निवर्तल्या, तेव्हां त्यांची रक्षा याच मावशीकडे पाठविण्यांत आली, आणि पोकीप्सी येथें त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ती ठेवली गेली. ज्या नात्याची सुरुवात ऐकून हसूं येतें, त्याच नात्याचा शेवट ऐकून डोळे भरून येतात.

हास्य आणि जिव्हाळा यांची ही सोबत आजच्या लेखकाला अशक्य आहे असें नाहीं. त्याची सामग्री त्याच्या घरांतच पडलेली आहे. यावलची आजी आपल्या लेवा बोलींत नातवाला कांहीं सांगते; नातवाला एक शब्दहि कळत नाहीं आणि तो खदखदां हसतो. बहुतेक लेखांत हा प्रसंग येथेंच संपतो. पण आपल्याच मुलाच्या घरांत आजी त्या क्षणीं परकी झाली, आणि दोघांच्या मधें उभा असलेला मुलगा कोणाची बाजू घ्यावी हें न कळून गप्प राहिला, हें ज्याला दिसेल, त्याचा विनोद टिकेल. हसूं नका असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. हसून झाल्यावर आणखी थोडा वेळ पाहत राहा, एवढेंच मागणें आहे. मागें राहिलेली माणसें हीं पुस्तकें वाचतात तीं आपल्या मुलाबाळांचें तिकडे कसें चाललें आहे हें कळावें म्हणून. अमेरिका तर आतां त्यांना घरबसल्याहि दिसते.