संख्यांचे पूर्णांकन आणि स्थानिक किंमत : प्राथमिक स्तरावरील अध्यापनाची चिकित्सा

प्राथमिक गणिताच्या अभ्यासक्रमात पूर्णांकन हा घटक आकाराने लहान आहे. दिलेली संख्या जवळच्या दशकात, शतकात किंवा हजारात सांगणे, व्यवहाराच्या भाषेत 'राउंड फिगर' करणे, एवढेच त्याचे वरकरणी स्वरूप. दोन तासिकांत हा भाग उरकला जातो आणि त्यासाठी एक नियम फळ्यावर लिहिला जातो : उजवीकडचा अंक ५ किंवा त्याहून मोठा असेल तर डावीकडच्या अंकात १ मिळवा, लहान असेल तर तो अंक तसाच ठेवा, उजवीकडे शून्ये लिहा. नियम अचूक आहे आणि त्याने परीक्षेतील गुणही मिळतात. मात्र स्थानिक किंमतीचा संबोध विद्यार्थ्यांत कितपत रुजला आहे हे तपासण्याची जी संधी या घटकात असते, ती हाच नियम हिरावून घेतो.

स्थानिक किंमतीच्या रूढ अध्यापनाकडे प्रथम पाहिले पाहिजे. ३४७ या संख्येतील ४ ची दर्शनी किंमत ४ आणि स्थानिक किंमत ४०, हे उत्तर बहुतेक विद्यार्थी बिनचूक देतात. परंतु '३४७ मध्ये एकूण दशक किती?' असा प्रश्न विचारला की तेच विद्यार्थी पुन्हा ४ असे सांगतात. दशकस्थानी ४ हा अंक आहे हे खरे. त्या संख्येत दशक मात्र ३४ आहेत, कारण प्रत्येक शतकाच्या पोटात दहा दशक असतात. दशकस्थानचा अंक आणि संख्येतील दशकांची संख्या या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली ओळखीची बाब आहे, दुसरी एककांच्या पुनर्रचनेची. पूर्णांकनाला दुसरी लागते. ३४७ म्हणजे ३४ दशक आणि ७ सुटे, म्हणून ती संख्या ३४ दशक व ३५ दशक यांच्या मध्ये आहे. ३५ दशकांपासून ती ३ ने आणि ३४ दशकांपासून ७ ने दूर आहे, म्हणून उत्तर ३५०. शतकाचा प्रश्न असेल तर त्याच संख्येत ३ शतक आणि ४७ सुटे, म्हणून उत्तर ३००. काड्यांचे गठ्ठे मोडून हे दाखवता येते. मात्र शंभराचा गठ्ठा दहा-दहाच्या गठ्ठ्यांत सोडवण्याची कृती वर्गात फार क्वचित होते. गठ्ठे बांधण्याची कृती मात्र हमखास होते.

या उणिवेचा परिणाम नेमका कोठे दिसतो? ३,९७२ ही संख्या जवळच्या शतकात सांगायची आहे. नियमानुसार ९ मध्ये १ मिळवला की १० होतात, आणि अंक सुटासुटा पाहणारा विद्यार्थी शतकस्थानी १० लिहून ३१,००० पर्यंत पोहोचतो. चार हजारांच्या आसपासची संख्या एकतीस हजार कशी झाली, ही शंका त्याच्या मनात येत नाही, कारण संख्येऐवजी तो अंकांशी व्यवहार करत असतो. ३९ शतक व ७२ सुटे असे वाचणाऱ्याला ही अडचण येतच नाही. ३९ शतकांनंतर ४० शतक येतात, आणि ४० शतक म्हणजे ४,०००. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. २,४४९ जवळच्या हजारात सांगताना काही विद्यार्थी उजवीकडून सुरुवात करतात : २,४५०, मग २,५००, मग ३,०००. प्रत्येक पायरीवर नियम पाळलेला आहे आणि उत्तर चुकलेले आहे, कारण २,४४९ हे २,००० पासून ४४९ ने आणि ३,००० पासून ५५१ ने दूर आहे. संख्यांचे पूर्णांकन कसे करावे हे सांगणाऱ्या आयएस २ या १९६० च्या भारतीय मानकातही असे टप्प्याटप्प्याने पूर्णांकन न करता मूळ संख्येवरून एकाच पायरीत करावे, असा निर्देश आहे. अभियंत्यांनाही ज्याची आठवण करून द्यावी लागली, ती चूक दहा वर्षांच्या मुलाकडून झाली तर नवल नाही.

पाठ्यपुस्तकांना सरसकट दोष देणे येथे न्याय्य ठरणार नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या अनुषंगाने तयार झालेल्या गणित अध्यापनविषयक पत्रात अंदाज व आसन्नता यांना गणिती प्रक्रियांमध्ये स्थान मिळाले. त्यानंतर आलेल्या एनसीईआरटीच्या इयत्ता सहावीच्या पुस्तकात (२०२४ मध्ये 'गणित प्रकाश' येईपर्यंत ते प्रचलित होते) १७ ही संख्या १० च्या जवळ की २० च्या, असा अंतराचा प्रश्न आधी आला होता. शतकांच्या बाबतीत १ ते ४९ या संख्या शंभरापेक्षा शून्याला जवळ आहेत, असा संपूर्ण गटाचा विचार तेथे मांडलेला होता, आणि २,४४९ सारख्या चुकीवर तोच खरा उतारा आहे. तरीही वर्गात पोहोचेपर्यंत या मांडणीतून नियम तेवढा उरतो. अंतराचा विचार संख्यारेषेवर सोडून दिला जातो आणि स्थानिक किंमतीशी त्याची सांगड घातली जात नाही.

मराठी माध्यमाच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २१ पासून पुढे आपली संख्यानामे एकक आधी उच्चारतात. लेखनात दशक आधी येतो. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकातील 'वीस सात' या प्रकारच्या वाचनावरून जो वाद उसळला, त्याच्या मुळाशी हीच विसंगती होती. वाचन आणि लेखन यांचा क्रम जुळावा हा त्या बदलामागचा विचार स्थानिक किंमतीच्या दृष्टीने समर्थनीय होता. परंतु पूर्णांकनाच्या बाजूने पाहिल्यास रूढ नामांतही एक ठेवा आहे. एकोणीस ते एकोणनव्वद ही आठ नामे पुढच्या दशकाकडे पाहूनच घडलेली आहेत. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणारे मूल चुकते खरे, पण त्याने तीस ऐकलेले असते. त्या तिसाला एक कमी आहे, हे समजावले की २९ जवळच्या दशकात ३० का, याचे स्पष्टीकरण त्याच्या भाषेतच सापडते. 'वीस नऊ' म्हटल्यावर ही खूण पुसली जाते. दोन्ही वाचने शेजारी ठेवणारा शिक्षकच त्यांचा लाभ घेऊ शकेल.

५ या अंकाविषयीही वर्गात स्पष्टता नसते. ३५ ही संख्या ३० व ४० यांच्या बरोबर मध्ये आहे. ती ४० कडे न्यायची हा संकेत आहे, निसर्गनियम नव्हे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम २८८अ ने दहाच्या पटीत उत्पन्न मांडताना ५ वर नेण्याचा संकेत स्वीकारला; वर उल्लेखिलेल्या भारतीय मानकाने अशा वेळी सम अंकाकडे जाण्याचा स्वीकारला. चौथीच्या विद्यार्थ्याला हे तपशील सांगण्याची आवश्यकता नाही, पण 'मध्यावरच्या संख्येसाठी आपण असे ठरवले आहे' हे वाक्य सांगणे आवश्यक आहे. अन्यथा ३६ जवळ असल्यामुळे ४० कडे जाते आणि ३५ ठरवल्यामुळे जाते, हा भेद नियमाच्या एकाच ओळीत विरघळतो.

बी.एड. व डी.एल.एड. च्या पाठ-निरीक्षणात पूर्णांकनाचा पाठ साधारणतः सोपा समजून छात्रशिक्षक निवडतात, आणि निरीक्षकही उत्तरांची अचूकता पाहून शेरा देतात. तेथे उलट दिशेचा एकच प्रश्न विचारून पाहावा : शतकात पूर्णांकित केल्यावर ४,००० येईल अशी सर्वांत लहान संख्या कोणती, आणि सर्वांत मोठी कोणती? ३,९५० आणि ४,०४९. हाच प्रश्न हजाराच्या संदर्भात विचारल्यास उत्तरे ३,५०० आणि ४,४९९ अशी बदलतात. ४,००० हा आकडा दोन्ही वेळी तोच, पण त्याच्या पोटात एकदा शंभर संख्या आहेत आणि एकदा हजार. नियम पाठ असलेल्या विद्यार्थ्याला येथे नियमाचा आधार मिळत नाही. त्याला ४० शतक आणि ४ हजार यांतला फरक माहीत असावा लागतो.