प्रच्छन्न जाहिरात : एक अर्थविचार

'जाहिरात' हा शब्द मराठीत अरबी-फारसी परंपरेतील 'जाहीर' या शब्दावरून रूढ झाला. जाहीर म्हणजे उघड, सर्वांस कळेल असे. त्या दृष्टीने 'प्रच्छन्न जाहिरात' हा शब्दप्रयोग वदतोव्याघातच ठरतो. दवंडीपूर्वी हलगी वाजत असे, आणि पुढील शब्द कोणत्या जातीचे आहेत हे ऐकणाऱ्यास त्या आवाजावरूनच कळे. समाजमाध्यमांवरील प्रच्छन्न जाहिरातीत शब्द तेवढे उरतात, हलगी मात्र नाहीशी होते. ही हलगी नेमकी कोठे गेली, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

मीमांसकांनी विधिवाक्य आणि अर्थवाद असा भेद केला आहे. विधी कृतीस प्रवृत्त करतो. अर्थवाद स्तुती वा निंदा करतो आणि विधीशी एकवाक्यता साधूनच सार्थ होतो. उघड जाहिरातीत 'घ्या' हा विधी स्पष्ट असतो, आणि त्यामुळे तिच्यातील स्तुतीची किंमत श्रोता आपोआप कमी करून घेतो. प्रच्छन्न जाहिरात विधी गाळते व केवळ स्तुती ठेवते. मग ती स्तुती अनुभवकथनासारखी, म्हणजे सिद्ध वस्तूच्या वर्णनासारखी, भासू लागते. तिच्यातील प्रत्येक वाक्य कदाचित खरेही असेल. तथापि वक्ता कोणत्या नात्याने बोलत आहे, हे झाकलेले असते. खाल्ल्या मिठास जागणे हा दोष नव्हे. परंतु मीठ कोणाचे, हे ऐकणाऱ्यास कळावयास हवे.

हा प्रकार महाराष्ट्रास नवा नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत एकच स्तुतिपर मजकूर शब्दशः वार्ता म्हणून छापला गेल्याचे पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी 'द हिंदू' मधून दाखवून दिले. पुढे २०१० मध्ये भारतीय वृत्तपत्र परिषदेने 'पेड न्यूज' या प्रश्नावर अहवाल प्रसिद्ध केला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तो प्रकार पाठचिकित्सेच्या जुन्याच मार्गाने उघडकीस आला. दोन पाठ शेजारी ठेवले आणि समान उगम दिसून आला.

समाजमाध्यमांवर ही कसोटी लंगडी पडते. तेथे मूळ मसुदा एकच असला, तरी प्रत्येक वक्ता तो आपल्या बोलीत सांगू शकतो. भुसावळ व मलकापूर यांच्या दरम्यान वसलेल्या बोदवडच्या परिसरात तावडी बोली ऐकू येते. पश्चिमेस धुळ्याकडे जावे तसतशी अहिराणी भेटते. समजा, कपाशीवर फवारावयाच्या एखाद्या 'टॉनिक'ची तारीफ कोणी बांधावर उभे राहून, 'माले', 'तुले' अशी रूपे सहज योजीत करतो. ती ऐकणारा शेतकरी त्यास शेजाऱ्याची साक्ष समजतो. प्रमाणभाषेतील जाहिरातीविषयी त्याच्या मनात जी सावधता असते, ती येथे जागी होत नाही. बोलीविषयीचा जिव्हाळा हाच विक्रीचा आधार बनतो, आणि पाठभेदांमुळे समान उगमही झाकला जातो. सल्ला फसला तर पैसा जातो आणि गेलेला हंगाम परत येत नाही.

नियम नाहीत असे नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेची (स्थापना १९८५) या विषयावरील मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू झाली. पंधरा सेकंदांपर्यंतच्या चित्रफितीत खुणेचा शब्द किमान तीन सेकंद दिसावा, तो हॅशटॅगांच्या गर्दीत दडवू नये, अशा त्यांतील अटी योग्यच आहेत. केंद्र शासनानेही जानेवारी २०२३ मध्ये अशा प्रसिद्धीकारांसाठी सूचना काढल्या. परंतु शब्दांच्या निवडीविषयी आमचा आक्षेप आहे. 'अ‍ॅडव्हर्टाइझमेंट' बरोबरच 'कोलॅबरेशन' व 'पार्टनरशिप' हे शब्दही मान्य धरले आहेत, आणि परिषदेच्या तत्त्वांनुसार खूण इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत दिली तरी चालते. 'सहयोग' म्हटल्याने मराठी मनात मदतीचा भाव उमटतो, मोबदल्याचा नव्हे. त्यातून तोंडी कथन तावडीत आणि कोपऱ्यातील खूण इंग्रजीत असेल, तर अट पाळली जाते पण बोध होत नाही.

मग अ‍ॅड ब्लॉकर हा उपाय होय काय? त्याचे कार्य मुख्यतः याद्यांवर चालते. जाहिरात पुरविणारे ज्ञात पत्ते तो अडवितो आणि पृष्ठावरील ठरावीक घटक लपवितो. फेसबुकने 'स्पॉन्सर्ड' या शब्दाच्या अक्षरांमध्ये अदृश्य अक्षरे मिसळून ही यंत्रे चकविल्याचे प्रसिद्धच आहे. शब्द डोळ्यांना दिसे, यंत्रास वाचता येत नसे. निवड करताना साधनाचा खर्च कोण सोसतो, हे प्रथम पाहावे. अ‍ॅडब्लॉक प्लसने २०११ पासून 'स्वीकारार्ह' जाहिरातींना वाट दिली आहे, आणि त्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून शुल्क घेतले जाते. यूब्लॉक ओरिजिन मुक्त स्रोताचे असून देणग्याही घेत नाही. मात्र क्रोमने त्याचा आधार काढून घेतल्यामुळे त्याचे पूर्ण रूप फायरफॉक्समध्ये वापरणे श्रेयस्कर. मोबाईलवरील यूट्यूब वा इन्स्टाग्रामच्या अ‍ॅपमध्ये ब्राउझरची ही साधने पोहोचत नाहीत, हेही ध्यानी ठेवावे.

मूळ अडचण याहून खोल आहे. ब्लॉकर मजकुराचा पत्ता ओळखतो, वक्त्याचा हेतू ओळखीत नाही. स्तुती चित्रफितीच्या देहातच मिसळली असेल, तर अडविण्याजोगा निराळा पत्ताच नसतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या स्पॉन्सरब्लॉक या साधनात यूट्यूबवरील प्रायोजित भागांच्या खुणा प्रेक्षकच नोंदवितात. अर्थनिर्णय शेवटी माणसासच करावा लागतो, याची ही कबुलीच होय.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की खूण ही हॅशटॅग नसावी, वाक्य असावे. 'हे सांगण्याबद्दल मला मोबदला मिळाला आहे' असे वक्त्याने आरंभीच, ज्या बोलीत स्तुती करावयाची त्याच बोलीत, तोंडाने सांगावे. बोलीभाषांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी तावडी व अहिराणीतील अशा चित्रफितींचे नमुने गोळा करून त्यांतील समान सांगाडा शोधावा. बोलींच्या आवरणाखालील एकच मसुदा ओळखणे हे पाठचिकित्सेचेच पुढील काम आहे, आणि ते ब्लॉकरकडून होणारे नाही.