कौशल्य आणि यंत्रपरिचय

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवी अभ्यासक्रमांची नवी श्रेयांकरचना आखली व तीत प्रधान विषयाच्या जोडीला व्यवसायकौशल्य आणि कार्यप्रशिक्षण यांना स्थान दिले. पदवीधरास कामाची पात्रता लाभावी, हा हेतू निर्विवाद होय. प्रश्न उरतो तो ‘कौशल्य’ या शब्दाच्या अर्थाचा.

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. घाटकोपरलगतच्या विक्रोळीत जिचे कारखाने विस्तारले, त्या गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखनयंत्र तयार केले. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील टंकलेखनाचे वर्ग पुढे कित्येक वर्षे तरुणांना महाविद्यालयाइतकेच आवश्यक वाटत. २००९ मध्ये गोदरेजने या यंत्रांचे उत्पादन थांबविले. बोटांची गती संगणकाच्या कळफलकावर उपयोगी पडली खरी. परंतु अधिकारी आपले पत्र आपणच लिहू लागल्यावर निव्वळ टंकलेखकाची नोकरी आटली. ज्यास मसुदा करता येत होता, वरिष्ठांच्या वाक्यातील दोष दिसत होता, त्याचे काम यंत्र पालटले तरी उरले.

आज हीच कसोटी भाषेच्या विद्यार्थ्यापुढे आहे. अंधेरीच्या परिसरात चित्रपट व मालिकांच्या डबिंगचे काम चालते. उपशीर्षकांचे पहिले भाषांतर आता यंत्रही करू शकते. मात्र पात्राने ‘तू’ केव्हा म्हणावे व ‘तुम्ही’ केव्हा, मालवणी माणसाचा उपरोध कोणत्या शब्दांत उतरेल, ओठांच्या हालचालीत किती अक्षरे मावतील, हा निर्णय जाणकारासच घ्यावा लागतो. संगणकप्रणाली थोड्या सरावाने हाताळता येते. ही जाण मात्र व्याकरण, बोली आणि नाट्यवाङ्मय यांच्या अभ्यासातून येते. म्हणजेच ती प्रधान विषयातून येते.

पहिली नोकरी मिळण्यास यंत्रपरिचय लागतो, हा आक्षेप रास्त आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो परिचय म्हणजे प्रवेशद्वार, घर नव्हे. व्यवसायकौशल्य प्रधान वा गौण विषयाशी निगडित असावे, अशी अपेक्षा शासनाच्या रचनेतही आहे आणि तोच तिचा सर्वांत मोलाचा भाग होय. स्वतंत्र श्रेयांक व स्वतंत्र परीक्षा यांमुळे मात्र विषय एकीकडे आणि कौशल्य दुसरीकडे, अशी फारकत होण्याचा धोका संभवतो. तसे झाल्यास खरी हानी होईल ती ज्याच्या घरची ऐपत एकदाच शिकण्यापुरती आहे, अशा विद्यार्थ्याची. यंत्र कालबाह्य झाल्यावर त्यास पुन्हा शुल्क भरून नव्या वर्गात बसता येणार नाही.

यास्तव प्रत्येक कौशल्य-अभ्यासक्रमास एकच प्रश्न विचारावा: यंत्र काढून घेतले, तर विद्यार्थ्यापाशी काय उरते?