पुस्तकाला पत्ता हवा

पुस्तक वेबसाइटवर आणायचं म्हणजे पीडीएफ चढवून मोकळं व्हायचं, ही समजूत अजून पक्की आहे. दरम्यान दुसरी एक वाट चांगली रुळली. मजकूर एका जागी साठवायचा आणि ‘एपीआय’च्या मार्फत मागेल त्याला हवा तेवढाच द्यायचा. मागणारा माणूस नसतो, प्रोग्राम असतो. आलेल्या मजकुरातून कोणी वेबसाइटचं पान उभारतो, कोणी मोबाइल ॲप, कोणी शब्दसूची.

या वाटेवरचं भरघोस काम ज्यू धर्मग्रंथांवर झालं आहे. लेखक जोशुआ फोर आणि गूगलमध्ये काम केलेले ब्रेट लॉकस्पायझर यांनी २०११ मध्ये ‘सेफारिया’ सुरू केलं. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातला एखादा उतारा मागितला की मूळ आणि भाषांतर येतं. वेगळी मागणी केली की त्यावरच्या भाष्यांचे दुवेही येतात. हे जमलं यात सोळाव्या शतकातल्या एका मुद्रकाचा वाटा मोठा आहे. व्हेनिसमध्ये डॅनिएल बॉम्बर्गने छापलेल्या तालमूदची पानं पुढच्यांनी प्रमाण मानली. आजचा प्रोग्रामही त्याच पानक्रमांकाने मजकूर मागतो.

वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयाने शेक्सपिअरच्या नाटकांवर याहून बारीक काम केलं. प्रत्येक शब्दाला, विरामचिन्हाला, इतकंच काय, दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेलाही स्वतंत्र ओळखक्रमांक! त्यामुळे एका पात्राची सगळी वाक्यं वेगळी काढता येतात. एवढंच नव्हे, ते पात्र रंगमंचावर असताना जे जे बोललं जातं तेवढंच मागवता येतं. तालमीतल्या नटाला याचा उपयोग समजावून सांगायला नको.

पण हे यश निवडक ग्रंथांचं आहे. धर्मग्रंथ आणि अभिजात नाटकं लोक मुळातच संदर्भ देत, तुकड्यातुकड्यांनी वाचतात. कादंबरीचा दोनशे चौदावा परिच्छेद कोण मागणार? मजकूर मोकळा करण्यात जेवढी बुद्धी खर्च झाली, तेवढी सलग वाचनाचं पान घडवण्यात झालेली दिसत नाही.

दुसरा प्रश्न टिकण्याचा. एपीआय चालू ठेवायला सर्व्हर लागतो, देखभाल लागते. निधी आटला की पुस्तकही बंद. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेने ‘क्वायर’ हे साधन बनवताना म्हणूनच उलटी दिशा धरली. साध्या मजकूर-फाइली ठेवायच्या आणि त्यांतूनच वेबसाइट, पीडीएफ, ईपब तयार करायचं. मागे सतत जागता डेटाबेस नाही. तुकडा मागवण्याची सोय कमी होते, आयुष्य वाढतं.

मराठीत ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी असा पत्ता आधीपासूनच आहे. मात्र राजवाडे प्रत आणि प्रचलित प्रत यांतल्या ओव्यांचा आकडा जुळत नाही, तेव्हा पत्त्यात प्रतही नोंदवावी लागेल. खरं घोडं पेंड खातं ते वेगळ्याच ठिकाणी. कित्येक मराठी पुस्तकं पेजमेकरमध्ये, श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लावलेली आहेत. ती युनिकोडमध्ये नेताना रफार सरकतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, आणि मुद्रितशोधन पुन्हा पहिल्या पानापासून करावं लागतं. एपीआय लिहून देणारा प्रोग्रामर त्यामानाने लवकर मिळेल. ही प्रुफं तपासणारा जाणकार आणि त्याच्या मेहनतान्याची तरतूद प्रकाशकाला आधी शोधावी लागेल.