चालत्या पाळीत वाढणारी जागा

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या फाउंड्रीत तिसऱ्या पाळीतही भट्टी चालू असते. प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीतल्या एका वितळणीचा, स्पेक्ट्रो रिपोर्ट, तपासणीचे फोटो, डिस्पॅचची चलनं सर्व्हरवर साठत जातात. गाड्यांचे भाग घेणारं गिऱ्हाईक वर्षांनंतरही हीट नंबरवरून माग काढतं, त्यामुळे जुनं पुसायची सोय नाही. डिस्क ९७ टक्के भरली तरी सर्व्हर बंद करता येत नाही. अशा वेळी नवी डिस्क जोडून लिनक्सवर टाइप होणाऱ्या चार आज्ञा मला सावकाश वाचाव्याशा वाटतात.

पहिली पीव्हीक्रिएट. ती कोऱ्या डिस्कच्या सुरुवातीला एक ओळख लिहिते. दुसरी व्हीजीएक्स्टेंड. ती डिस्क आधीच्या साठ्यात घेते, आणि साठ्याचा हिशोब सहसा ४ एमबीच्या तुकड्यांत चालतो.

खरी गोडी तिसरीत आहे, एलव्हीएक्स्टेंडमध्ये. कॅपिटल एलनंतर ‘+५०जी’ लिहिलं तर साठ्यातून कापून दिलेल्या व्हॉल्यूममध्ये ५० जीबीची भर. अधिक चिन्ह गाळलं तर अर्थ होतो ‘एकूण ५०’. व्हॉल्यूम आधीच १०० जीबीचा असेल तर ही आज्ञा सरळ नकार देते, कारण तिला फक्त वाढवणंच ठाऊक आहे. एका चिन्हावर एवढा भार, आणि चूक झालीच तर सांभाळून घेण्याची तयारीही. हे मला फार आवडतं.

पण एवढं करूनही भरलेली जागा दाखवणाऱ्या डीएफमध्ये ९७ टक्केच दिसतात. जमीन वाढली, फाइल सिस्टीमला अजून पत्ता नाही. तिला चौथ्या आज्ञेने, रिसाइझटूएफएस किंवा एक्सएफएस-ग्रोएफएसने, वेगळं सांगावं लागतं. ते माउंट असतानाच होतं, ईआरपीवरचा एकही माणूस लॉगआउट होत नाही. एक्सएफएस वाढते, पण परत सहसा आखडत नाही. म्हणून सगळी मोकळी जागा एकदम देऊन टाकणं मला पटत नाही.

हाइन्त्स माउएल्सहागन यांनी १९९८ च्या सुमारास लिनक्ससाठी व्हॉल्यूम सांभाळणारी ही व्यवस्था लिहिली, एचपी-यूएक्सच्या धर्तीवर. आता तिचा सगळा हिशोब डिस्कवर साध्या मजकुरात असतो आणि तो वाचण्यासारखा आहे. नव्या डिस्कवर वाढवलं की त्या व्हॉल्यूमच्या नोंदीत ‘सेगमेंट काउंट’ १ चा २ होतो. पहिला भाग ५० जीबीचा असेल तर दुसरा बरोबर १२८०० क्रमांकाच्या तुकड्यापासून सुरू, कारण मोजणी शून्यापासून होते. गंमत म्हणजे दोन्ही भागांचा प्रकार ‘स्ट्राइप्ड’ असा लिहिलेला असतो, पट्टे मात्र एक, आणि शेजारी टीप: ‘लिनियर’. सरळ रेषेसाठी वेगळा नियम केलेला नाही. एकच पट्टा म्हणजे सरळ रेषा.

या दोन भागांमुळे हीटचा रिपोर्ट अर्धा एका डिस्कवर, अर्धा दुसरीवर असू शकतो, आणि ईआरपीला ते कळतही नाही. त्यातली एक डिस्क गेली तर मात्र अख्खा व्हॉल्यूम गोत्यात येतो. या नोंदींत त्यावर उपाय नाही. ते काम खालच्या रेडचं आणि रात्रीच्या बॅकअपचं.