उदाहरणातला 'क' म्हणजे काय?

रिसर्चची तयारी करताना आपण पेपर बारकाईने वाचतो, पण ट्युटोरियलमधला कोड तसा वाचत नाही. आज तेच करून बघू.

नवशिक्यांना दाखवतात त्या धाटणीचं हे उदाहरण (पायथॉन 3 मध्ये देवनागरी नावं चालतात):

क = 12
ख = 34
ग = क * ख

कोड बरोबर आहे, चालतोही. तरी आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहाता तालुक्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, क म्हणजे काय?" घरच्या दुधाचा हिशेब ती तोंडी करते. म्हणजे घोडं गुणाकारावर अडलं नव्हतं, 'बारा कशाचे?' इथे अडलं होतं. मग मी फळ्यावर लिहिलं:

लिटर = 12
दर = 34
रक्कम = लिटर * दर

"मग असं आधीच सांगायचं ना!"

याला आधार आहे. जॉन स्वेलर यांनी 1988 मध्ये मांडलं, की नवं शिकताना एका वेळी डोक्यात थोडंच मावतं. पुढे चँडलर आणि स्वेलर यांनी 1992 मध्ये दाखवलं, की स्पष्टीकरण एकीकडे आणि आकृती दुसरीकडे असली, की त्यांची सांगड घालण्यातच शिकणाऱ्याची शक्ती जाते. 'क म्हणजे लिटर' हे मनात धरून ठेवणं हाही तसलाच बोजा, असं मला वाटतं.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये आवाज मराठी, पण पडदा इंग्रजी असतो. त्यात चूक नाही. नोकरीतही पडदा इंग्रजीच असणार. पण तिथेही 'एक्स'पेक्षा 'रेट' हे नाव केव्हाही बरं.

आता माझ्याच उदाहरणावर टीका. मी दोन गोष्टी एकदम बदलल्या: नावं आणि ओळखीचा संदर्भ. नेमका कशाचा उपयोग झाला? सांगता येत नाही. शिवाय तिने तोच गुणाकार दुसऱ्यांदा पाहिला होता. खरी तुलना करायची तर चार आवृत्त्या लागतील: दुधाचा संदर्भ असलेली आणि नसलेली, आणि दोन्हींत एकदा क-ख, एकदा अर्थपूर्ण नावं. प्रत्येक गटाला एकच आवृत्ती द्यायची.

आणि मोजायचं काय? "समजलं का?" असं विचारलं तर अख्खा वर्ग "हो सर" म्हणतो. त्यापेक्षा विचारा, "फॅट वाढलं म्हणून दर बदलला, तर कुठली ओळ बदलशील?" उत्तर बरोबर आलं तरच उदाहरण स्पष्ट होतं असं म्हणा.

तीन ओळींसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण त्या मुलीने प्रश्न विचारला, म्हणून मला कळलं. न विचारणारी मुलं 'कॉम्प्युटर आपल्याला जमणार नाही' असं ठरवून गप्प बसतात, आणि आपण ती चूक त्यांच्या खात्यावर टाकतो.