हसू कोणाच्या बोलीचे?

‘माइंड युवर लँग्वेज’ ही ब्रिटिश मालिका १९७७ साली सुरू झाली. तिचे हिंदी रूपांतर ‘जबान संभाल के’ १९९३ मध्ये दूरदर्शनवर आले आणि मोडकी हिंदी बोलणारा तो वर्ग आमच्या पिढीच्या स्मरणात घर करून राहिला. पंकज कपूर यांचा सोशिक शिक्षक आजही भावतो. परंतु मूळ मालिकेत इंग्रजी शिकणारे भारतीयही हास्यविषय झाले होते; रूपांतरात आपण तोच साचा एकमेकांवर बसविला. विजू खोटे यांनी रंगविलेला मराठी विद्यार्थीही त्यातून सुटला नाही. विट्याची गलाई कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी भारतभर विखुरली. परमुलखात अडखळत बोलूनच त्यांनी भाकरी मिळविली. त्या अडखळण्यात विनोद असेल, पण त्याहून अधिक धैर्य आहे. मालिकेने विनोद टिपला, धैर्य निसटले. आठवणींच्या गोडव्याने ही उणीव झाकू नये.